पट्टा तुटला नाही

वॉल्ट नोवाकने आपला पट्टा तपासून द्यायला सांगितलं, तेव्हा पुरुषोत्तम खानझोडेला त्यात वावगं काही वाटलं नाही. नोव्हायच्या त्या लॅबमध्ये दिवसभर तेच चालायचं. गाड्यांचे सीट बेल्ट यंत्रात अडकवून ताणायचे, उष्णतेत वाळवायचे, मिठाच्या पाण्यात भिजवायचे आणि ते कधी, कुठे तुटतात ते लिहून ठेवायचं. पुरुषोत्तम तिथे टेस्ट इंजिनिअर होता. नागपूरचा, बेचाळीस वर्षांचा, पुण्यात आठ वर्षं नोकरी करून १९९८ साली इकडे अमेरिकेत आलेला. वॉल्ट एकसष्ट वर्षांचा, लॅबमधला सगळ्यात जुना टेक्निशियन. पहिल्या आठवड्यात त्यानेच पुरुषोत्तमला दंडाला धरून यंत्रासमोरून बाजूला केलं होतं. "पट्ट्याच्या रेषेत कधी उभा राहू नकोस," तो म्हणाला होता. "तुटला की चाबकासारखा येतो." तेव्हापासून दोघांचं जमलं. दुपारचा डबा ते बरोबर खायचे. पुरुषोत्तम पोळीभाजी, वॉल्ट स्वतः मारलेल्या हरणाच्या मांसाचं सँडविच. एकमेकांच्या डब्यावर दोघं कधी काही बोलले नाहीत.

ते २००३ सालचे सप्टेंबरचे दिवस होते. वॉल्टने टाकाऊ वेबिंगमधून, म्हणजे सीट बेल्टच्या विणलेल्या पट्टीतून, स्वतः शिवून एक पट्टा केला होता.

"मचाणासाठी," तो म्हणाला. "कमरेला बांधायचा, दुसरं टोक झाडाला. आधीचा कातडी होता, त्याला चिरा पडल्यात."

पुरुषोत्तमने शिवण पाहिली. सुबक होती, टाके एकसारखे. त्याने पट्टा यंत्रात लावला आणि जबडे आवळता आवळता विचारलं, "इतकी वर्षं तू कातडी पट्ट्यावरच होतास?"

"त्याआधी तर दोर होता. त्याआधी काहीच नव्हतं." वॉल्ट स्टुलावर बसला. एरवी कमी बोलणारा माणूस, पण शिकारीचा विषय निघाला की तो सावकाश, आठवून आठवून बोलायचा. "माझे वडील कारखान्यातून सुटी काढून आम्हाला उत्तरेला न्यायचे. लाल-काळ्या चौकड्यांचे लोकरीचे कोट. पाऊस लागला की ओलं मेंढरू पाठीवर घेतल्यासारखं वाटायचं. दर वर्षी कुणीतरी गोळी लागून मरायचं. झुडूप हललं की लोक चाप ओढायचे. वडिलांच्या एका मित्राने शिंक आली म्हणून खिशातून पांढरा रुमाल काढला. लांबून कुणाला तरी ती हरणाची शेपटी वाटली."

"मग?"

"मग काय. चर्चमध्ये गेलो, पुरलं त्याला. पुढे सरकारने नारिंगी जाकीट सक्तीचं केलं. म्हातारे चिडले होते. आता त्या रंगाशिवाय कुणालाही चुकल्यासारखं होतं. नव्या पोरांना वर्गात बसल्याशिवाय लायसन मिळत नाही. धनुष्यांना कप्प्या आल्या. पूर्ण ओढलं की भार हलका होतो, हात थरथरत नाही, बाण जिथे हवा तिथे जातो. वडिलांच्या लाकडी धनुष्याने आम्ही किती हरणं नुसती जखमी करून सोडली असतील. रक्ताच्या मागावर दोन दोन दिवस फिरायचो आणि मिळायचं नाही. ते मला अजून खातं."

"म्हणजे सगळंच सुधारलं."

"सुधारलं. फक्त उंचावर चढून बसणं तेवढं जुनंच राहिलं. आधी झाडाला फळ्या ठोकायचो, आता विकतचं लोखंडी मचाण आहे. यंदा मी नवं घेतलं. त्यासोबत एका चपट्या खोक्यात घोड्याच्या साजासारखं काहीतरी आलंय, वर चित्र आहे, खांद्यावरून, मांड्यांमधून, सगळीकडून पट्टे. अंधारात, थंडीत ते कोण चढवत बसणार? मी उघडलंही नाही."

पुरुषोत्तम हसला. त्याने यंत्र सुरू केलं. काटा चढत गेला, आणि चार हजार तीनशे पौंडांना एक शिवण उसवली. वॉल्टचं वजन एकशे नव्वद होतं.

"हत्ती टांगलास तरी चालेल," पुरुषोत्तम म्हणाला.

वॉल्टने ती शिवण दुसऱ्या दिवशी पुन्हा घातली, दुहेरी.

*

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वॉल्ट नेहमीप्रमाणे सुटीवर गेला. उत्तरेला वेस्ट ब्रँच गावाच्या पुढे त्याची वडिलोपार्जित चाळीस एकर जमीन होती, निम्मं रान, निम्मं गवत. बरोबर धाकटा भाऊ जीन. सोमवारी सकाळी मॅनेजरने सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं आणि सांगितलं की वॉल्ट शनिवारी गेला. मचाणाच्या फळीवर दव गोठलं होतं. पाय घसरला असावा. दुपारी जेवायला आला नाही म्हणून जीन पाहायला गेला, तेव्हा वॉल्ट जमिनीपासून बारा फुटांवर पट्ट्याला लोंबकळत होता.

लोक बाहेर पडताना मॅनेजरने पुरुषोत्तमच्या खांद्यावर हात ठेवला. "पट्टा तुटला नाही," तो म्हणाला. "तू मनाला लावून घेऊ नकोस."

तोपर्यंत पुरुषोत्तमने काही मनाला लावून घेतलं नव्हतं. वॉल्ट गेला एवढंच कळलं होतं. जेवायच्या सुटीत त्याने डबा उघडला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत तसाच बंद केला.

अंत्यदर्शनाच्या दिवशी तो आणि त्याची बायको प्रतिमा रांगेत उभे राहिले. वॉल्टची बायको लोरेन शवपेटीशेजारी प्रत्येकाचा हात हातात घेत होती. उंच, ताठ बाई, तीस वर्षं शाळेची बस चालवलेली. पुरुषोत्तमचं नाव ऐकल्यावर तिने त्याचा हात सोडला नाही.

"पट्टा तूच तपासलास ना? वॉल्टने सांगितलं होतं. थँक यू. निदान तो खाली पडला नाही. आम्हाला तसाच्या तसा मिळाला."

बाहेर पार्किंगमध्ये जीन गाडीला टेकून सिगरेट ओढत होता. पुरुषोत्तमने त्याला विचारलं, पट्टा नेमका कुठे होता.

"छातीवर," जीन म्हणाला. "कमरेवरून वर सरकला होता. काखेपर्यंत." त्याने सिगरेट पायाखाली विझवली. "लोरेनला मी हे सांगितलं नाही. झाडाची साल हातभर खरवडलेली होती. त्याची नखं..."

ते घरी आले. गराजमध्ये गाडी बंद केल्यावर प्रतिमाने विचारलं, "काय म्हणाला तो?"

त्याने सांगितलं. म्हणजे वॉल्ट पडल्या पडल्या गेला नव्हता. पट्ट्याने त्याला धरून ठेवलं आणि छाती आवळली. श्वास आत घ्यायला जागा उरली नाही. मचाण त्याच्या डोक्याच्या वर हातभर अंतरावर होतं.

"पण तू मुद्दाम केलंस का?" प्रतिमा म्हणाली. "त्याने ताकद तपासायला सांगितली, तू तपासलीस."

"मला माहीत होतं, प्रतिमा. माहीत होतं आणि आठवलं नाही."

तिला कळेना. मग त्याने गाडीचा बेल्ट हाताने ओढून दाखवला. पूर्वी गाड्यांना नुसता कमरेचा पट्टा असायचा. माणूस बाहेर फेकला जायचा नाही, पण पोट फाटायचं, कणा मोडायचा. म्हणून खांद्यावरचा पट्टा आला. माणसाला नुसतं धरून भागत नाही, कुठे धरायचं हे पाहावं लागतं. लॅबमध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पुरुषोत्तम दर वर्षी हेच शिकवायचा. त्यासाठी त्याने चित्रं काढून ठेवली होती. आणि वॉल्टने खांद्यावरून, मांड्यांमधून जाणाऱ्या पट्ट्यांचं नाव काढलं, तेव्हा तो हसला होता.

*

त्या आठवड्यात त्याने एक गोष्ट केली जी लॅबच्या नियमात बसत नव्हती. सगळे जेवायला गेल्यावर त्याने सिद्धेशला थांबवून घेतलं. सिद्धेश सव्वीस वर्षांचा, पुण्याचा, त्याच वर्षी मास्टर्स करून लागलेला.

"मी या क्रेनच्या हुकाला लटकणार आहे," पुरुषोत्तम म्हणाला. त्याने वॉल्टच्या मापाने तसाच पट्टा शिवून घेतला होता. "पाय गादीपासून वीतभर वर. तू स्विचवर हात ठेव. मी हात वर केला की खाली सोड. हात वर केला नाही तरी एका मिनिटाला सोड."

"दादा, हे सेफ्टीवाल्यांना कळलं तर..."

"कळू दे."

क्रेनने त्याला उचललं. पहिले दहा सेकंद फक्त पोट दुखलं. विसाव्या सेकंदाला शरीर सैल झालं आणि पट्टा बरगड्यांखाली सरकला. त्याने श्वास सोडला, आणि तो परत घेता येईना. पाय कशाला तरी टेकावेत म्हणून आपोआप हलू लागले. हात वर न्यायचा आहे हे डोक्यात होतं, पण दोन्ही हात पट्टा धरून बसले होते. सिद्धेशने त्याचा चेहरा पाहिला आणि मिनिट व्हायच्या आत स्विच दाबला. बावन्न सेकंद झाले होते.

पुरुषोत्तम गादीवर गुडघे टेकून बराच वेळ खोकत राहिला. सिद्धेश पाणी घेऊन आला.

"वजन तर काहीच नव्हतं, दादा. टू हंड्रेड पाउंड्स पण नाही."

"हो," पुरुषोत्तम म्हणाला. "पट्ट्याला काहीच झालेलं नाही. बघ."

डिसेंबरमध्ये तो लोरेनच्या घरी गेला. नोव्हायपासून पंधरा मिनिटांवर साउथ लायनला. तिने कॉफी केली. त्याने कोट काढला नाही, कप हातात घेतला नाही, आणि आधीच ठरवून आणलेली वाक्यं म्हटली. पट्टा मजबूत होता पण चुकीचा होता. हे त्याला कळायला हवं होतं, कारण तेच त्याचं काम होतं. वॉल्टने नव्या हार्नेसबद्दल, म्हणजे खोक्यातल्या त्या अंगभर पट्ट्यांबद्दल, सांगितलं तेव्हा तो उघडून बघ असं त्याने म्हटलं नाही. "तुम्ही मला थँक यू म्हणालात. ते मी ठेवून घेऊ शकत नाही."

लोरेन सिंकपाशी पाठमोरी उभी होती.

"किती वेळ?" तिने विचारलं.

त्याला खोटं बोलायचा मोह झाला. "नक्की माहीत नाही. काही मिनिटं. कदाचित जास्त."

"त्याला कळत होतं?"

"सुरुवातीला. हो."

तिने नळ सोडला आणि तो वाहू दिला. मग म्हणाली, "आता तू जा."

तो गेला. दारात त्याने बूट घातले तेव्हाही ती वळली नाही. गाडीत बसल्यावर त्याला वाटलं, आपण स्वतःचं ओझं उतरवायला एका बाईच्या स्वयंपाकघरात गेलो आणि ते तिच्या अंगावर टाकून आलो. प्रतिमालाही त्याने हे सांगितलं. ती म्हणाली, "असेल तसं. पण तिने विचारलं, तू खरं सांगितलंस. पुढे काय ते आता तिचं."

*

फेब्रुवारीत लोरेन लॅबच्या रिसेप्शनला आली. हातात एक चपटं पुठ्ठ्याचं खोकं होतं.

"गराजमध्ये मिळालं," ती म्हणाली. "टेपसुद्धा काढली नव्हती त्याने. तुझ्यावर मी रागावले होते. अजून आहे थोडी. त्याच्यावर जास्त आहे." तिने खोकं त्याच्या हातात दिलं. "हे वापरलं असतं तर तो वाचला असता का, एवढं मला सांग. अंदाज नको. तपासून सांग."

त्याने तपासलं. आधी टक्कर-चाचणीतला एक जुना पुतळा टांगला, मग स्वतः. सिद्धेश पुन्हा स्विचवर. हार्नेसमध्ये भार मांड्यांवर येत होता, अंग सरळ राहत होतं, श्वास मोकळा होता. सातव्या मिनिटाला पायांना मुंग्या आल्या. सोबतच्या कागदावर त्याचाही उपाय होता. एक सुटा पट्टा, त्याचा फास करून त्यात पाय ठेवून उभं राहायचं, म्हणजे रक्त खेळतं राहतं. मग तसं उभं राहून मचाणाला हात पोचतो का ते त्याने पाहिलं. पोचला.

त्याने लोरेनला दोन पानी पत्र लिहिलं. त्यातलं शेवटचं वाक्य होतं, 'हो, वाचला असता.' ते वाक्य त्याने तीनदा खोडलं आणि तीनदा पुन्हा लिहिलं.

तीन दिवसांनी तिचा फोन आला. "जीनच्या शिकार क्लबात दर ऑगस्टला सुरक्षेचा वर्ग असतो. हे तिथे वाच."

"मला शिकारीतलं काही कळत नाही, लोरेन."

"शिकारीतलं त्यांना कळतं. लटकण्यातलं तुला कळतं."

ऑगस्ट २००४ मध्ये वेस्ट ब्रँचजवळच्या एका फायर स्टेशनच्या हॉलमध्ये तो अकरा माणसांपुढे उभा राहिला. बहुतेक पन्नाशीच्या पुढचे, हाताची घडी घातलेले. एकाने विचारलं, "तू शिकार करतोस?"

"नाही. मी मांस खात नाही."

हॉलमध्ये हशा पिकला. "मग तुला आमचं काय पडलंय?"

"वॉल्ट नोवाकचा पट्टा मी तपासून दिला होता," पुरुषोत्तम म्हणाला. "चार हजार तीनशे पौंड. तुटला नाही."

हशा थांबला. वॉल्टला तिथला प्रत्येकजण ओळखत होता. पुरुषोत्तमने जीनला शिडी घेऊन शेजारी उभं केलं आणि हॉलच्या तुळईला कमरेच्या पट्ट्याने स्वतःला टांगून घेतलं. चाळीस सेकंदांनी जीनने त्याला शिडीवर घेतलं. जीनचा चेहरा पांढरा पडला होता. मग पुरुषोत्तमने हार्नेस चढवला आणि त्यात लटकत राहूनच उरलेला तास बोलला.

त्या लोकांच्या तक्रारी खऱ्या होत्या, हे त्याला तिथे कळलं. पट्टे गुंततात. कड्या वाजतात, हरीण पळतं. जाड कोटावर माप बसत नाही. तो हे सगळं वहीत लिहून घेऊन आला आणि पुढच्या वर्षी उत्तरं घेऊन गेला. मांड्यांच्या पट्ट्यांना रंगीत दोरा शिवा, म्हणजे डावं-उजवं कळेल. कड्यांना कापडी टेप गुंडाळा. कोट घालून घरीच माप लावा, आणि पाच वेळा चढवून बघा. पहिल्या वेळी चार मिनिटं लागतात, पाचव्या वेळी एक.

पहिल्या वर्गानंतरच्या दिवाळीत मराठी मंडळाच्या कार्यक्रमापर्यंत ही गोष्ट पसरली होती. मंडळातला अनिल गोडबोले फराळाची प्लेट घेऊन जवळ आला. "यार, तू हरणं मारायला शिकवतोस म्हणे?"

उत्तर प्रतिमाने दिलं. "माणसं घरी परत यावीत म्हणून शिकवतो. चिवडा आणखी देऊ का?"

घरात मात्र ते इतकं सोपं नव्हतं. त्यांची मुलगी स्वानंदी तेव्हा बारा वर्षांची होती. तिने एकदा जेवताना विचारलं, "बट बाबा, इफ दे आर सेफर, दे विल किल मोअर डिअर, राइट?"

"शक्य आहे," तो म्हणाला.

"अँड यू आर ओके विथ दॅट?"

"नाही," तो म्हणाला. "पण वॉल्ट मेल्यामुळे एकही हरीण वाचलं नाही, सोनू." तिचं समाधान झालं नाही. त्याचंही पूर्ण झालं नव्हतं, आणि ते त्याने लपवलं नाही.

*

२००५ च्या ऑक्टोबरात जीनचा फोन आला. वर्गाला आलेला, दुसऱ्या रांगेत बसलेला एक माणूस गेला होता. त्याच्या अंगावर हार्नेस होता, नीट बांधलेला. पण तो फक्त मचाणावर बसल्यावर झाडाला अडकवायचा, असंच पुरुषोत्तमने दाखवलं होतं. उतरताना त्या माणसाने कडी सोडली, शिडीवर पाय ठेवला आणि शिडी फिरली.

पुरुषोत्तमने फोन ठेवला आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. पुढच्या वर्षी जायचं नाही, असं त्याने ठरवलं. तसं लोरेनला कळवलंही.

ती दुसऱ्याच दिवशी घरी आली. पहिल्यांदाच. प्रतिमाने केलेला चहा तिने दोन्ही हातांनी धरून प्यायला.

"तीस वर्षं मी बस चालवली," ती म्हणाली. "सुरुवातीला आम्ही पोरं उतरली की निघायचो. मग आमच्याकडे एक मुलगी बसच्या पुढून रस्ता ओलांडताना चाकाखाली गेली. बसपुढे दांडा आडवा येतो ना, मुलांना लांबून वळायला लावणारा, तो त्यानंतर आला. ती माझी बस नव्हती. पण असू शकली असती, सवय माझीही तीच होती. तेव्हा मी नोकरी सोडली नाही. दांडा वापरायला शिकले."

"तुम्ही शिकलात. मी शिकवलं ते अपुरं होतं."

"मग पुरं कर."

त्याने ते केलं. त्या हिवाळ्यात त्याने पडल्याच्या जेवढ्या हकिगती मिळाल्या तेवढ्या वाचल्या. निम्म्याहून अधिक माणसं बसलेली असताना पडलीच नव्हती. ती चढताना, उतरताना, शिडीवरून मचाणावर पाऊल टाकताना पडली होती. तोवर काही शिकारी आणि दुकानदार एक नवी पद्धत वापरू लागले होते. झाडाला मचाणाच्या वरच्या बाजूपासून बुंध्यापर्यंत एक दोर कायमचा बांधून ठेवायचा आणि त्यावर सरकणारी एक गाठ. गाठ हाताने ढकलली की माणसाबरोबर वर-खाली येते, झटका बसला की जागीच आवळते. जमिनीवर असतानाच कडी त्या गाठीला अडकवायची. पुरुषोत्तमने ती गाठ ओल्या दोरावर, गोठलेल्या दोरावर, जुन्या दोरावर शंभर शंभर वेळा झटका देऊन पाहिली. लॅबमध्ये आता सेफ्टीवाल्यांचीही परवानगी होती. कोणत्या जाडीच्या दोरावर ती सरकते आणि कोणत्यावर आवळते, ते त्याने एका पानावर काढलं.

ऑगस्ट २००६ मध्ये हॉलमध्ये त्रेचाळीस माणसं होती. त्याने सुरुवातीलाच सांगितलं, "दोन वर्षं मी तुम्हाला अर्धंच शिकवलं. त्यात तुमचा एक माणूस गेला. आज उरलेलं." गेलेल्या माणसाचा मेव्हणा तिसऱ्या रांगेत होता. वर्ग संपल्यावर तो पुढे आला. त्याने तो दोर हातात घेतला आणि गाठ पुन्हा पुन्हा सरकवून पाहिली.

*

२००७ च्या वर्गाला लोरेन आली. मागच्या रांगेत, वहीपेन घेऊन. पुरुषोत्तमला वाटलं, नुसती ऐकायला आली असेल. वर्ग संपल्यावर ती म्हणाली, "हार्नेस मला चढव. माझ्या मापाचा."

"तुम्हाला?"

"उन्हाळाभर मी अंगणात गवताच्या गठ्ठ्यावर बाण मारतेय. जीनने धनुष्य हलकं करून दिलंय. वीस पावलांवरून चुकत नाही." ती त्रेसष्ट वर्षांची होती. "ती जमीन विकावी असं सगळे म्हणतात. आधी एकदा मला तिथे बसायचंय."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी पुरुषोत्तम सकाळी निघून वेस्ट ब्रँचला पोचला. दुपारचं ऊन पानांवर होतं, मेपल लाल झाले होते. जीनने लोरेनसाठी ओढ्याजवळचं एक सरळ ओकचं झाड निवडलं होतं. वॉल्टचं झाड तिथून दिसत नव्हतं. जीनने पंधरा फुटांवर मचाण बसवलं होतं आणि दोर बांधला होता. पुरुषोत्तमने दोर वरपासून खालपर्यंत पाहिला, गाठ ओढली, आपलं वजन टाकलं. मग लोरेनच्या पाठीवरचा, छातीवरचा, दोन्ही मांड्यांवरचा पट्टा तपासला. बोटं आत जातील इतकीच ढील.

"तुझे हात थंड आहेत," ती म्हणाली.

"मला भीती वाटतेय."

"मलाही."

तिने कडी गाठीला अडकवली आणि चढायला लागली. एक पायरी, मग गाठ वर, मग पुढची पायरी. मधे एकदा ती थांबली आणि खोडाला कपाळ टेकून उभी राहिली. पुरुषोत्तम खाली, मान वर करून उभा होता. मग ती पुन्हा चढली, मचाणावर पाऊल टाकलं, वळली, बसली. खालून दोरीने धनुष्य वर ओढून घेतलं. हात हलवून तिने त्याला जायला सांगितलं.

तो आणि जीन रानाच्या कडेला, ट्रकच्या मागच्या फळीवर बसून राहिले. जीनने त्याला थर्मासमधली कॉफी दिली. एकदा जीन म्हणाला, "सुरुवातीला मला वाटायचं, वॉल्ट गेल्यावर तू आमच्याकडे का येतोस. पाप फेडायला की काय." थोड्या वेळाने म्हणाला, "आता विचारावंसं वाटत नाही."

पुरुषोत्तमने कॉफीचा घोट घेतला. चार वर्षांत पहिल्यांदाच त्याला वॉल्ट मेलेला न आठवता नुसता आठवला. स्टुलावर बसून सावकाश बोलणारा.

सूर्य झाडांच्या शेंड्यांपर्यंत आला तेव्हा ते परत गेले. लोरेन तशीच बसलेली होती. तिने त्यांना पाहिलं, धनुष्य दोरीने खाली सोडलं आणि उतरायला लागली. गाठ खाली, मग पाय. गाठ खाली, मग पाय. शेवटच्या पायरीवर पुरुषोत्तमने हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. दोन्ही पाय जमिनीवर टेकले, आणि मगच तिने कडी सोडली.

"दिसलं काही?" जीनने विचारलं.

"दोन माद्या. एक पिल्लू. तीस पावलांवर." ती पट्टे सोडवत होती. "मी धनुष्य उचललंच नाही. त्या खात होत्या, बघत बसले." तिचे डोळे ओले होते, पण आवाज नेहमीचा होता. "जमीन मी विकणार नाही. उद्या सकाळी पुन्हा बसेन. तेव्हा कदाचित उचलेन."

"उद्या मला येता येणार नाही," पुरुषोत्तम म्हणाला.

"गरज नाही. सकाळी जीन खाली उभा राहील, आणि परवापासून तोही नको." तिने हार्नेस गुंडाळून पिशवीत ठेवला. "बायकोला फोन कर. म्हणावं निघतोय."

त्याने फोन केला. ट्रकपर्यंतची वाट तिघं एकामागे एक चालत गेले, लोरेन पुढे.